बत्तीस जागा

किल्लीबाई पंधराव्या दिवशी कामावर हजर झाली तेव्हा सगळी प्रयोगशाळा म्हणाली, "किती खंबीर बाई!" खंबीर कसली? बधिर झाली होती. पण लोकांना या दोन्हींतला फरक कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्यांनाही खंबीर म्हणणंच सोयीचं जातं. पुढे काही विचारावं लागत नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका मंगळवारी सकाळी बूट चढवायला खुर्चीत बसला, उजवा चढवला, डावा हातातच राहिला. किल्लीबाईने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली, "अहो, डबा!" तिसऱ्यांदा मारली नाही. पुढचे दोन आठवडे माणसं येत होती, बसत होती, उसासे टाकून उठत होती. तिने प्रत्येकाला चहा दिला. कुणाला साखर कमी लागते तेही लक्षात ठेवलं. रडू काही आलं नाही. यायचं तेव्हा येईल म्हणून तिने तो विषय सोडून दिला आणि कामावर आली.

काम इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. तळमजल्यावर नमुने घ्यायच्या सहा खिडक्या, पहिल्या मजल्यावर तपासणीची दोन मोठी यंत्रं, दुसऱ्यावर अहवाल टाइप करणाऱ्या चौघींची खोली आणि मोठ्या डॉक्टरांचं ऑफिस. ही सगळी माणसं आणि ती दोन्ही यंत्रं एकाच डेटाबेसवर काम करतात. खाली खिडकीत पेशंटचं नाव भरलं की ते यंत्राला कळतं, यंत्राने आकडा दिला की तो टायपिस्टसमोर येतो. डेटाबेस पुरवणाऱ्या कंपनीचा परवाना बत्तीस जागांचा आहे. नोकरीवर माणसं छत्तीस असोत की छप्पन, एका वेळी आत बसणार बत्तीस. तेहतिसावा आला की त्याच्या पडद्यावर पाटी लागते: "परवान्यातील सर्व जागा भरल्या आहेत. नंतर प्रयत्न करा." मग तो तेहतिसावा फोन उचलतो आणि म्हणतो, "बाई, एक जागा काढून द्या ना!" बाईंसमोर यादी असते. आत कोण आहे, कधीपासून आहे, शेवटचं बटण कधी दाबलं. जो नुसताच जागा अडवून बसलाय त्याला ती बाहेर काढते आणि बाहेरच्याला आत घेते. किल्लीबाई हे नाव पडलं ते त्यावरून.

सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पाळ्या लावलेल्या असल्यामुळे एका वेळी यंत्रं धरून एकोणतीस-तीसच्या वर आकडा क्वचितच जायचा. ती परतली आणि दुसऱ्याच आठवड्यात जागा पुरेनाशा झाल्या. आधी दिवसाला चार फोन, मग वीस, मग चाळीस. खालच्या खिडकीसमोर रांग, रांगेत उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं, आणि खिडकीतली मुलगी पाटीकडे बघत बसलेली. किल्लीबाई फोन घ्यायची, यादी उघडायची, वरून तीनचार नावं बघायची, एकाला काढायची. पुन्हा फोन. दिवस संपायचा. संपायचा हे महत्त्वाचं. तिला तेवढंच हवं होतं.

बाहेर काढल्या जाणाऱ्यांत टायपिंगच्या चौघी आघाडीवर. डॉक्टरांचा शेरा वाचायला वेळ लागतो, तोवर बोटं थांबतात, आणि वीस मिनिटं बोटं थांबली की सिस्टीम आपणहून बाहेर काढते. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत शिरायला जागा मिळेल याची खात्री नाही. म्हणून चौघींनी तोडगा काढला होता. चहाला उठायच्या आधी पडद्यावर एक कोरं पान उघडायचं आणि की-बोर्डच्या लांब पट्टीवर वजन ठेवून जायचं. पट्टी दाबलेली राहते, सिस्टीमला वाटतं बाई जोरात टाइप करतायत. एकीचा पेपरवेट, एकीची गोंदाची बाटली, एकीचा शाईचा पॅड, आणि सगळ्यांत थोरली, जिला अख्खी इमारत आत्या म्हणते, तिचा स्टेपलर.

किल्लीबाई एक दिवस वर गेली आणि चारही वजनं उचलली.

"ए, माझा स्टेपलर कुठे चाललीस घेऊन?" आत्या दारातच भेटली, हातात कप.

"आत्या, तुमच्या नावावर आत्ता अकरा हजार कोऱ्या जागा टाइप झाल्यात. सिस्टीमने मला दाखवलं."

"मग बघ, सिस्टीमलाही माझी कदर आहे. डॉक्टरांना नाही."

बाकीच्या तिघी हसल्या. एरवी किल्लीबाईही हसली असती, आत्याची आणि तिची जुनी जोडी होती. ती फक्त "पुन्हा ठेवू नका" म्हणाली आणि वजनं घेऊन खाली गेली. आत्याने तिघींकडे वळून बोट ओठांवर ठेवलं, तेवढंच.

चार महिने असे गेले. कंपनीला फोन केला की कंपनीचं एकच पालुपद, जागा वाढवून घ्या. इस्पितळाचंही एकच, वाढवून मिळणार नाहीत. आणि या दोघांच्या मधे सापडलेल्या मोठ्या डॉक्टरांनी एका बुधवारी किल्लीबाईला बोलावलं.

"बसा बाई. निर्णय झालाय. टायपिंगची खोली बंद करतोय. शेरे डॉक्टर स्वतःच भरतील, तयार वाक्यांतून निवडून. चार जागा मोकळ्या होतील, कटकट मिटेल."

"आणि त्या चौघी?"

"जुन्या नमुन्यांच्या गोदामात. तिथे हाताने नोंदी करायला माणसं हवीच आहेत."

गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, आणि तीन मजले चढून. आत्याला निवृत्तीला दोन वर्षं होती आणि उजव्या गुडघ्यात वाटी नावालाच उरली होती. ती गोदामात जाणार नव्हती, घरी बसणार होती. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. किल्लीबाईलाही ठाऊक होतं. दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही.

"वर पाठवायला तुमचं एक पत्र लागेल," डॉक्टर म्हणाले. "दोनच ओळी. सिस्टीममध्ये कोणताही बदल केलेला नाही, जागा माणसं जास्त झाल्यामुळेच भरतात. शुक्रवारपर्यंत सही करून द्या. बदल काही केलेला नाही ना?"

"नाही."

हे ती बेधडक म्हणाली, कारण तिची वही तसं म्हणत होती. किल्लीबाईची बदलवही प्रसिद्ध होती. सिस्टीममधलं एक टिंब जरी हलवलं तरी त्यात तारीख, वेळ, कारण आणि सही. सहा वर्षांत एक ओळ चुकली नव्हती. नवीन लागलेल्या मुलांना ती वही दाखवून डॉक्टर म्हणायचे, हे बघा, काम असं करतात. तिने त्या चार महिन्यांची पानं उलटून बघितली होती. बदल शून्य. स्वतःच्या आठवणीपेक्षा तिचा वहीवर विश्वास जास्त होता, आणि आठवण म्हणाल तर त्या काळातली तिच्यापाशी काही नव्हतीच.

संध्याकाळी ती घरी गेली. घरी सासरे. नवरा गेल्यापासून दोघंच, आणि दोघांत मिळून दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं. तो यांचा मुलगा आणि तिचा नवरा होता, तेव्हा कुणी कुणाचं सांत्वन करायचं हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला होता. ती ताटं वाढायची, ते पाणी भरायचे. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस, कानात कायम दुसऱ्यांची बोलणी. आता घरात कुणी बोलत नाही याचा त्यांना त्रास व्हायचा की बरं वाटायचं, हे कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी मात्र जेवताना त्यांनीच विचारलं, "चेहरा काय झालाय?"

"काय झालाय?"

"काही झालेला नाही, म्हणून विचारतोय."

तिने सांगितलं. पत्र, बत्तीस जागा, चौघी. बातम्या वाचून दाखवाव्यात तसं सांगितलं.

"आमच्याकडे असं व्हायचं," सासरे म्हणाले. "सगळ्या लाइनी भरलेल्या. आणि कान लावून बघावं तर निम्म्यांवर कुणी बोलतच नाही. कुणीतरी रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा."

"तसे मी काढते, बाबा. रोजचं कामच आहे."

"जास्त अडतं कुठल्या वारी?"

तिने घास थांबवला. "मंगळवारी थोडं. बुधवारी बरंच. शनिवारी तर विचारू नका."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी नाही. सोमवारी एकही फोन येत नाही."

"माणसांची गर्दी कुठल्या वारी?"

प्रयोगशाळेत सगळ्यांत मोठी गर्दी सोमवारीच असते. रविवारी बंद, म्हणून सोमवारी दीडपट. छत्तीसच्या छत्तीस माणसं पाळ्यांनी कामाला जुंपलेली, आणि जागा पुरतात. शनिवारी चार-पाच माणसं रजेवर, आणि जागा पुरत नाहीत. ही गोष्ट चार महिने तिच्या नाकासमोर होती.

"मग माणसं नाहीत ती," सासरे म्हणाले. "मीठ दे जरा."

गुरुवारी ती नेहमीपेक्षा तासभर आधी गेली. खिडक्या उघडायच्या होत्या, दिवे अर्धेच लागलेले, इमारतीत मोजून तीन माणसं. तिने यादी उघडली. आत अकरा जागा भरलेल्या. माणसं तीन, जागा अकरा.

यादीत माणसं वर असतात, यंत्रं सगळ्यांत खाली, करड्या अक्षरांत. यंत्र मधेच बाहेर काढलं तर चालू तपासणीचे आकडे हवेत जातात, म्हणून करड्या ओळींना हात लावायचा नाही असा नियम होता. नियम तिनेच केलेला. हात लावायचा नाही म्हणून ती खाली जातच नव्हती. चार महिने तिने वरची दहा-बारा नावं वाचली आणि त्यांतली बाहेर काढली. आज ती शेवटपर्यंत गेली. यंत्रं दोन, करड्या ओळी आठ.

पुढचं कळायला दहा मिनिटं लागली. कळलं तेव्हा अगदीच साधं होतं. दोन्ही यंत्रं रोज पहाटे आपापल्या नळ्या धुतात आणि पुन्हा सुरू होतात. सुरू होताना नवी जागा घेतात. जुनी सोडून द्यायला हवी, ती सोडत नव्हती. रोज दोन जागा वाया. रविवारी दुपारी यंत्रं बंद असताना सर्व्हर बंद करून चालू करतात तेव्हा सगळं पुसलं जातं, म्हणून सोमवार स्वच्छ. मंगळवारी दोन भुतं, बुधवारी चार, शनिवारपर्यंत दहा. आणि यंत्रं जुनी जागा सोडत नव्हती कारण त्यांच्या खात्यासमोर "ही जोडणी कधीही तोडू नये" या ओळीवर खूण केलेली होती.

ती खूण कुणी केली हे वहीत नव्हतं. पण सिस्टीम स्वतःचीही नोंद ठेवते. किल्लीबाईने ती काढली. तारीख होती तिच्या परतण्यानंतरच्या चौथ्या दिवसाची, वेळ सकाळी अकरा चाळीस, नाव तिचं.

तिने ते तीनदा वाचलं. मग वही काढून ती तारीख बघितली. पान कोरं होतं. आदल्या दिवशीचं, नंतरच्या दिवशीचं, अख्खा आठवडा कोरा. बदल झाला नाही म्हणून कोरा नव्हता. तिने वहीच उघडली नव्हती.

पहिल्या मजल्यावरची यंत्रं चालवणारा मशीनवाला आठ वाजता आला. तिने विचारलं. "हो की," तो म्हणाला. "यंत्राची जोडणी मधेच तुटत होती म्हणून मी तक्रार केली होती. तुम्ही लगेच वर आलात, दोन मिनिटांत करून दिलंत. मी म्हटलंसुद्धा, बाई, घाई नाही, बसा जरा. तुम्ही म्हणालात, बसून काय करू?" आणि मग जरा चाचरत, "तुम्हाला आठवत नाही?"

नव्हतं आठवत. तो जिना, तो माणूस, ते वाक्य, काही नाही. कुणीतरी तिच्या नावाने येऊन काम करून गेलं होतं. तिने लाज वाटायची वाट बघितली. धसका, पश्चात्ताप, काहीतरी. फोनवर पलीकडून उत्तर यावं म्हणून थांबतात तशी थांबली. काही आलं नाही. मग तिने ती खूण काढली, वहीत आजच्या तारखेखाली नीट लिहून काढलं, सहा भुतं पुसली आणि मोठ्या डॉक्टरांची वाट बघत त्यांच्या दाराशी उभी राहिली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी कपाळाला आठ्या, मग हिशेब, मग सुटका. माणूस वाईट नव्हता, वर जाब द्यायचा असलेला होता.

"म्हणजे खोली बंद करायचं कारणच नाही."

"नाही."

"बरं झालं. असं करू, कंपनीच्या प्रोग्राममधला दोष होता म्हणून लिहू. कोण विचारणार आहे?"

"दोष त्यांचा नाही. मी केलंय. आणि तुम्हाला काल मी नाही म्हणून सांगितलं, तेही चुकीचं होतं."

"बाई, ते दिवस कसले होते तुमच्यावर! कोणीही समजून घेईल. तसं लिहू हवं तर. मनःस्थिती वगैरे."

"मनःस्थिती लिहू नका," किल्लीबाई म्हणाली. "तारीख लिहा."

त्यांनी तारीख लिहिली. दुपारपर्यंत गोदामाचा हुकूम रद्द झाला. संध्याकाळी किल्लीबाईच्या हातात ताकीद आली, आणि सिस्टीममध्ये बदल करायचा तिचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला. यादी बघायची, जागा मोकळी करायची, बस्स. तिने पोच म्हणून सही केली. बातमी तोवर तिन्ही मजल्यांवर पोचली होती, आणि सगळे पुन्हा तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले होते. होतं असं. बाईंचं दुःखच तेवढं. जाऊ दे.

शुक्रवारी सकाळी ती चारही वजनं परत द्यायला वर गेली. तिघींनी आपापली घेतली, थँक्यू म्हणाल्या, पडद्यामागे तोंडं लपवली. आत्या उठून उभी राहिली.

"तू यादी खालपर्यंत वाचत नव्हतीस?"

"नव्हते."

"चार महिने?"

"हो."

"आणि आम्हाला सांगत होतीस, वजनं ठेवू नका, आत्या, तुमच्यामुळे जागा अडते!" आत्याचा आवाज चढला. "या तिघींना मी दम देऊन ठेवला होता. तिला काही बोलायचं नाही, तिच्यावर काय प्रसंग आलाय बघा. माझं दीड पान अर्ध्यात पुसलंस, मी गप्प. दिवसातून तीनदा हा गुडघा घेऊन तुझ्या टेबलाशी येऊन उभी राहायचे, तू मान वर करायची नाहीस, मी गप्प. कालपरवा घरी बसून मोजत होते, बारा की अकरा, किती सह्यांचे अर्ज करावे लागतील लवकर सुटायला. आणि का? तर बाईसाहेबांना खालच्या आठ ओळी वाचवल्या नाहीत!"

"मला आठवतच नाहीत ते दिवस, आत्या."

"आठवत नाहीत! माझाही गेलाय. अकरा वर्षं झाली. मी नाही कुणाच्या पोटावर पाय दिला!"

"तुमचा गेला तेव्हा तुम्ही काय केलंत ते मला सांगू नका!"

एवढ्या मोठ्याने कोण ओरडलं ते किल्लीबाईला क्षणभर कळलंच नाही. खोलीतल्या बाकी तिन्ही की-बोर्डांची टकटक थांबली. "मीच जाऊन सांगितलं ना? कुणी पकडलं होतं मला? डॉक्टर स्वतः झाकायला निघाले होते! झाकलं असतं तर तुम्ही आज मलाच येऊन थँक्यू म्हणाला असतात! काय चुकलं ते माहितीये मला, तुम्ही कशाला—" पुढचा शब्द सापडेना. तिला राग आला होता. तळपायापासून आला होता, गरम, खराखुरा, आत्याच्या त्या चष्म्याचा, त्या गुडघ्याचा, अकरा वर्षांचा राग.

आत्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"झाकलं असतंस तर तंगडी मोडली असती तुझी," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. पासवर्ड घातला. पहिल्या झटक्यात आत गेली. शेऱ्याचा कागद उभा केला आणि दणादण टाइप करायला लागली, बटणांवरच राग काढत असल्यासारखी.

किल्लीबाई तिथेच.

"उभी काय राहिलीस? बस, नाहीतर जा. उजेड अडतोय माझा."

ती भिंतीकडेच्या स्टुलावर बसली. ओरडल्यामुळे घसा खरवडल्यासारखा झाला होता, आणि तो दुखत होता. खाली खिडकीवर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, पुन्हा पुकारलं गेलं.

मग आत्याने मान न वळवता एक कागद मागे केला.

"हे बघ. तिसरी ओळ. काय लिहिलंय या माणसाने?"

किल्लीबाईने हात पुढे करून कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"नाही लागत हे अक्षर मला," ती म्हणाली.

"मग कशाला बसलीयेस इथे," आत्या म्हणाली. पण कागद काही परत मागितला नाही.